दाढ दुखायची थांबली म्हणजे बरी झाली का? (दातांतील जंतुसंसर्ग, त्याची कारणे आणि प्रतिबंध)

धागाकर्ता: लाल_माती

दक्षिण रत्नागिरीतील एका तालुक्याच्या गावी मी दंतवैद्यकाचा व्यवसाय करतो. गाल सुजवून येणाऱ्या रुग्णांपैकी बहुतेकांची हकीकत एकाच वळणाने जाते. काही महिन्यांपूर्वी दाढ झोप उडवील इतकी ठणकत होती, मेडिकलमधून गोळ्या आणल्या, चार-पाच दिवसांत ठणका गेला, आणि गेला म्हणून दाखवायचे राहिले. मध्ये लावणी झाली, गणपती झाले, घरात कोणाचे तरी लग्न झाले, आणि आता एके सकाळी उठून पाहतात तो डोळ्याखालचा भाग फुगून आलेला असतो. मधल्या त्या शांततेत दाढेच्या आत काय चालले होते, हे सांगण्यासाठी हा धागा काढत आहे. माझ्या मते या विषयातली सर्वांत घातक समजूत हीच आहे, की दुखणे थांबले म्हणजे दाढ सुधारली. पुष्कळदा दाढ दुखायची थांबते ती आतली नस मेल्यामुळे.

सुरुवातीपासून पाहू. दाताचे बाहेरचे कवच, म्हणजे एनॅमल, हा मानवी शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ आहे. वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजांचा असतो आणि त्यात संवेदना वाहणारा एकही तंतू नसतो. दातावर साचणाऱ्या चिकट थरात स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्ससारखे जंतू राहतात, ते आपण खाल्लेली साखर पचवून आम्ल तयार करतात, आणि त्या थराचा पीएच (आम्लतेचे माप; तो जितका कमी तितके आम्ल अधिक) साधारण ५.५ च्या खाली गेला की एनॅमलमधील खनिजे विरघळू लागतात. लाळ हे आम्ल हळूहळू निवळते आणि गेलेली खनिजे काही अंशी परतही आणून बसवते, परंतु तिला त्यासाठी अर्धा ते एक तास निवांत मिळावा लागतो. दर तासाला काही ना काही गोड तोंडात पडत राहिले, तर तिला तो मिळत नाही. एनॅमलला खड्डा पडत असताना दुखत काहीच नाही, म्हणून कोणी दाखवायला येत नाही. त्या वेळी आले तर अर्ध्या तासाचे आणि मोजक्या पैशांचे काम असते.

एनॅमलखाली डेंटिन लागते. ते मऊ असून त्यात नसेपर्यंत जाणाऱ्या सूक्ष्म नळ्या असतात. इथे कीड पोहोचली की गार पाणी झोंबते, पण पाणी गिळले की कळ थांबते. या टप्प्यावर नस चिडलेली असली तरी वाचण्याजोगी असते. यापुढचा टप्पा वेगळा ओळखू येतो: गारापेक्षा गरम चहाने कळ येते, ती दहा-पंधरा मिनिटे रेंगाळते, कारण नसताना आपोआप सुरू होते, आणि रात्री आडवे झाल्यावर डोक्याकडील रक्तदाब वाढल्यामुळे अधिकच ठणकते. कोणत्याही भागाला सूज आली की त्याला फुगायला जागा लागते. नस मात्र चारी बाजूंनी कठीण भिंतींच्या कोठडीत असते आणि तिचा रक्तपुरवठा मुळाच्या टोकाच्या, मिलिमीटरच्या अंशाएवढ्या छिद्रातून येतो. दाब वाढत जातो, तो पुरवठा तुटतो आणि नस मरते. त्या दिवशी रुग्णाला वाटते की लवंगेच्या तेलाचा गुण आला.

मेलेल्या नसेच्या पोकळीत जंतूंना कोणीही अडवणारे नसते. तेथून ते मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडात उतरतात आणि तिथे पू धरू लागतो. क्ष-किरण चित्रात मुळाच्या टोकाशी काळसर वर्तुळ दिसते ते हेच. आणि ते दिसू लागेपर्यंत तेथील हाडाची बरीच खनिजे गेलेली असतात. दात चावताना उंच झाल्यासारखा वाटतो, ठोकला तर दुखतो, आणि कधी हिरडीवर पुळी येते. लिहिण्यासारखे अजून पुष्कळ आहे, पण प्रश्न आले की त्या अनुषंगाने लिहीन.

प्रतिसाद: सुरंगी

डॉक्टर, अतिशय उपयुक्त लेखन. माझ्या सासूबाईंच्या खालच्या डाव्या दाढेशेजारी हिरडीवर तांदळाएवढी पुळी आहे. ती अधूनमधून फुटते, त्या म्हणतात की तोंडाला खारट लागते, आणि दोन दिवसांनी ती पुन्हा भरते. दुखत मात्र काही नाही, त्यामुळे त्या दवाखान्यात यायला तयार नाहीत. त्यांना मधुमेह आहे. पूर्वी दोनदा अँटिबायोटिकचा कोर्स झाला. दोन्ही वेळा पुळी बसली आणि काही आठवड्यांनी परत आली. गोळ्यांनी ती कायमची का जात नाही?

प्रतिसाद: लाल_माती

सुरंगीताई, ती पुळी म्हणजे हाडातल्या पुवाने बाहेर पडण्यासाठी केलेली वाट आहे. वाट मोकळी असल्याने दाब साचत नाही, आणि दाब नसल्याने दुखत नाही. काही कारणाने ती वाट बुजली, की पू दुसरीकडे सरकतो आणि मग सूज येते. म्हणून न दुखणारी पुळी दुखणाऱ्या दाढेपेक्षा कमी गंभीर आहे असे कोणी समजू नये.

अँटिबायोटिकचे म्हणाल तर औषध रक्तातून जाते, आणि मेलेल्या नसेत रक्त पोहोचतच नाही. आजूबाजूच्या हाडात व हिरडीत उतरलेले जंतू गोळीने मरतात, म्हणून सूज ओसरते. मुळाच्या पोकळीतले जंतू जागच्या जागी राहतात आणि पुन्हा बाहेर येतात. विहिरीत जनावर मरून पडले असता ते न काढता नुसते पाणी उपसत राहावे, तसा हा प्रकार आहे. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ साली जी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केली, तिचा आशयही हाच आहे: ताप किंवा पसरणारी सूज नसेल, तर दाढदुखीसाठी प्रौढांना अँटिबायोटिक देऊ नये, दाढेवर प्रत्यक्ष उपचार करावा. आपल्याकडे नेमके उलटे चालते. अमॉक्सिसिलिनसारखी औषधे नियमाने चिठ्ठीशिवाय मिळू नयेत. प्रत्यक्षात ती दोन-दोन, चार-चार गोळ्या कापून दिली जातात. अशा अर्धवट मात्रेने आजार बरा होत नाही आणि औषधाला दाद न देणारे जंतू तेवढे पोसले जातात.

उपाय दोनच आहेत. दाढेचा भाग पुरेसा शिल्लक असेल तर रूट कॅनाल, नसेल तर दाढ काढणे. रूट कॅनालमध्ये मुळांच्या नळ्यांतून मेलेली नस काढून, त्या सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणाने धुऊन, बारीक कानशींनी घासून, शेवटी गटा-पर्चा नावाच्या पदार्थाने बंद करतात. (हा पदार्थ मलायाकडील एका झाडाच्या चिकापासून मिळतो, हे सांगितल्यावर आमच्याकडील रबर लावणाऱ्या एका बागायतदारांनी मोठ्या आस्थेने चौकशी केली होती.) मुळांची टोके बंद झाली की हाड काही महिन्यांत आपोआप भरून येते, आणि हिरडीवरची पुळी त्याआधीच नाहीशी होते. सासूबाईंना मधुमेह असल्यामुळे थांबणे अधिक धोक्याचे आहे: साखर वाढलेली असली की संसर्ग वेगाने पसरतो, आणि तोंडात संसर्ग राहिला की साखर आटोक्यात येत नाही. येताना अलीकडचा एचबीएवनसीचा (मागच्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) अहवाल आणावा, सकाळची वेळ घ्यावी, आणि नेहमीचा नाश्ता व नेहमीची औषधे घेऊनच निघावे. उपाशी येऊ नये.

प्रतिसाद: रापण

आमची बोट हर्णैला असते. एकदा बाहेर गेलो की कित्येक दिवस किनाऱ्याला लागत नाही, आणि दाढ दुखायला लागते ती नेमकी तेव्हाच. बोटीवर खलाशी तंबाखू भरतात, कोणी पेट्रोलचा बोळा ठेवतो, कोणी ॲस्पिरिनची गोळी दाढेपाशी दाबून धरतो. बोटीवरच्या औषधपेटीत काय ठेवावे आणि कोणत्या लक्षणावर बोट परत फिरवावी, हे सांगाल का? परत फिरवायची म्हणजे डिझेलचा आणि बर्फाचा खर्च अंगावर येतो, त्यामुळे तांडेल (बोटीचा प्रमुख) सहजासहजी ऐकत नाही.

प्रतिसाद: लाल_माती

रापण, या धाग्यावरील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आपण विचारला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पेट्रोल आणि तंबाखू यांबद्दल बोलायलाच नको. ॲस्पिरिनची गोळी गिळण्यासाठी आहे. गाल आणि हिरडी यांच्यामध्ये धरली तर तिथली त्वचा पांढरी पडून सोलली जाते, आणि रुग्ण दुखऱ्या दाढेसोबत भाजलेला गाल घेऊन येतो. लवंगेच्या तेलातील युजेनॉल नस बधिर करते हे खरे आहे. कापसाच्या छोट्या बोळ्याला एक थेंब लावून, जास्तीचे पुसून, तो फक्त खड्ड्यात ठेवावा. बाटली उपडी केली तर हिरडी भाजते. कोमट पाण्याच्या भांड्यात अर्धा चमचा मीठ टाकून गुळण्या केल्याने अडकलेले अन्न निघते आणि थोडा आराम पडतो. गालाला बाहेरून गरम शेक देऊ नये. बोटीवर बर्फ असतोच; तो फडक्यात गुंडाळून दहा मिनिटे लावावा आणि दहा मिनिटे काढावा.

वेदनाशामक म्हणून, अन्य आजार नसलेल्या प्रौढ माणसाला जेवणानंतर आयब्युप्रोफेन ४०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम एकत्र घेतल्याने चांगला उतार पडतो. सहा ते आठ तासांनी पुन्हा घेता येते. पॅरासिटामॉल चोवीस तासांत ४ ग्रॅमच्या वर जाता कामा नये, आणि सर्दी-तापाच्या बहुतेक गोळ्यांतही तेच असते याचे भान ठेवावे. ज्याला पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा विकार किंवा दमा आहे, जो रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेतो, त्याला आयब्युप्रोफेन देऊ नये. आपल्या भागासाठी एक विशेष सूचना: पावसाळ्यात डेंग्यू आणि लेप्टोस्पायरोसिस दोन्ही असतात. अंगदुखीसह ताप असेल आणि तो कशाचा हे ठाऊक नसेल, तर केवळ पॅरासिटामॉल द्यावे. डेंग्यूत आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिनने रक्तस्राव होऊ शकतो आणि लेप्टोमध्ये मूत्रपिंडावर आधीच ताण असतो.

आता बोट कधी फिरवावी ते. तोंड दोन बोटांएवढेही उघडेना, थुंकी गिळताना त्रास होऊ लागला आणि लाळ बाहेर गळू लागली, आवाज घोगरा झाला, जबड्याच्या खाली व मानेकडे कडक सूज पसरली, जीभ वर उचलल्यासारखी वाटू लागली, सूज डोळ्यापर्यंत चढली, किंवा थंडी वाजून ताप भरला, तर एकही तास वाया घालवू नये. खालच्या मागच्या दाढांची मुळे जिभेखालच्या स्नायूच्या जोडणीपेक्षा खोल उतरलेली असतात. त्यामुळे तिथला पू थेट हनुवटीखालच्या जागेत जातो आणि दोन्ही बाजूंनी सूज येऊन श्वासनलिका दाबली जाते. जर्मन वैद्य लुडविग यांनी १८३६ साली या अवस्थेचे वर्णन केले, आणि आजही तिला त्यांचेच नाव आहे. यात माणूस काही तासांत गुदमरू शकतो. किनाऱ्यावर उतरताच १०८ ला फोन करून रुग्णवाहिका मागवावी आणि दंतवैद्याच्या छोट्या दवाखान्यात न थांबता शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे. अशा रुग्णाला आडवे झोपवू नये, बसवून न्यावे. तांडेलाला डिझेलचा हिशेब मांडायचा असेल तर तो नंतर मांडावा.

आणि मूळ उपाय असा, की १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात बोट वर घेतलेली असते, तेव्हा सर्व खलाशांची तोंडे तपासून घ्यावीत. जाळी दुरुस्त करायला जे दिवस असतात, त्यातच हेही बसते. नारळी पौर्णिमेच्या आदल्या आठवड्यात आलात तर रूट कॅनाल पुरे होण्याआधीच बोट निघते आणि दाढ अर्धवट उघडी राहते.

प्रतिसाद: पाणंद

डॉक्टरांचा आदर राखून थोडा वेगळा सूर लावतो. माझे आजोबा भाताच्या तुसाच्या राखुंडीने दात घासत, आजी मिश्री लावत असे, दोघांनीही दंतवैद्याचे तोंड पाहिले नाही आणि आजोबा ऐंशीच्या पुढे ऊस सोलून खात. आता घरोघरी महागडी टूथपेस्ट आहे, आणि दवाखान्यांत गर्दी आहे. मग बिघडले कुठे? टूथपेस्ट विकणाऱ्यांनी आपल्याला आपल्या परंपरेपासून तोडले, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

प्रतिसाद: लाल_माती

आजोबांचा ऊस मी नाकारत नाही. परंतु ऐंशी वर्षांपूर्वीच्या त्यांच्या ताटात काय होते ते पाहावे. दोन वेळा भात, आमटी, मासळी, कधी नाचणीची भाकरी. गूळ सणापुरता आणि साखर पाहुण्यापुरती. चहा दिवसातून चार वेळा आणि प्रत्येक चहाबरोबर बिस्किटे हा प्रकार नव्हता. त्यांचे दात राखुंडीमुळे टिकले नसून दोन जेवणांच्या मध्ये तोंड रिकामे राहत असे म्हणून टिकले, असे माझे मत आहे. दुसरे, ज्यांचे दात चाळिशीत गेले त्या आजोबांच्या गोष्टी नातवंडे सांगत नाहीत.

भाताच्या तुसाच्या राखेत सिलिकाचे प्रमाण फार मोठे असते. ती दाताला पांढरे करते ती घासून, आणि तिने हिरडीलगतचा भाग झिजत जातो. माझ्याकडे येणाऱ्या अशा वयस्कर रुग्णांच्या सुळ्यांवर, हिरडीच्या काठाशी, पाचरीच्या आकाराची गुळगुळीत आणि पिवळसर खाच असते. तिच्यात नख सहज अडकते आणि गार हवा लागली तरी माणूस डोळे मिटून घेतो. ती खाच नसेपर्यंत गेली की किडीशिवायही संसर्ग होतो. कडुलिंबाची किंवा आंब्याची कोवळी काडी चावून मऊ करून वापरायला माझी हरकत नाही, मात्र दाढांच्या मधल्या फटींत ती पोहोचत नाही.

मिश्रीबद्दल मात्र स्पष्ट लिहावे लागेल. ती तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू आहे, दंतमंजन नव्हे. निकोटिनने हिरडीतील रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे हिरडी आतून सडत असली तरी रक्त येत नाही आणि बाईला वाटते की मिश्रीने हिरड्या घट्ट झाल्या. प्रत्यक्षात हाड खाली खाली सरकत असते आणि दात हलू लागतो तेव्हाच ते कळते. तोंडाच्या कर्करोगाचा धोका आणि गर्भवतीच्या बाळाचे कमी वजन हे त्याहून मोठे प्रश्न आहेत. टूथपेस्टच्या कंपन्यांविषयी आपला राग मला समजतो. बऱ्याच ‘आयुर्वेदिक’ म्हणवणाऱ्या पेस्टांत फ्लोराइड नसते आणि जाहिरात मात्र किडीपासून संरक्षणाची असते. खोक्याच्या मागे फ्लोराइडचे प्रमाण १००० पीपीएमच्या आसपास लिहिलेले असावे एवढे पाहावे. रंग, चव आणि किंमत यांना काही अर्थ नाही.

प्रतिसाद: ओटीवरची_बाई

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत बरीच वर्षे शिकवले. मिश्रीबद्दल डॉक्टरांनी लिहिले ते अक्षरशः खरे आहे. आमच्या वाडीतल्या बायका ‘दात घासायला’ म्हणून दिवसातून पाच-सहा वेळा मागील दारी बसत. सुटत नसे, डोके दुखत असे, पण कोणी त्याला व्यसन म्हणत नसे, कारण पुरुषांच्या विडीसारखे ते दिसत नसे. आधी वेळा कमी करून, मग तोंडात ठेवण्याचा काळ कमी करून, आणि त्या वेळेला बडीशेप चघळून काही जणींनी ती सोडलेली मी पाहिली आहे.

दातातले किडे काढून देणारी माणसेही जत्रेत येत असत. भुईरिंगणीच्या बियांची धुरी नळीतून तोंडात देत आणि पाण्याच्या भांड्यात पडलेले पांढरे ‘किडे’ दाखवत. एकदा पोरांनी तसल्याच बिया निखाऱ्यावर टाकून भांड्यावर धुरी दिली, तर माणसाच्या तोंडाशिवायही ‘किडे’ पडले! त्या बियांतले अंकुरच होते ते. यावर एक विज्ञानाचा तास छान झाला.

माझा प्रश्न मुलांविषयी आहे. दुधाचे दात पडायचेच असतात, मग त्यांवर पैसे का घालावेत, असे पालक नेहमी विचारत. त्यांना काय सांगावे?

प्रतिसाद: लाल_माती

बाई, त्यांना एक गोष्ट प्रत्यक्ष दाखवावी. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्याआधी कोणताही दात पडत नाही, म्हणून बहुतेक आयांना तीही दुधाचीच वाटते. वस्तुतः ती कायमची असते आणि जन्मभर पुरायची असते. तिच्या चावण्याच्या पृष्ठावर खोल चिरा असतात, ब्रशचा केसही त्यांत जात नाही, आणि आठव्या-नवव्या वर्षापर्यंत ती किडलेली असते. ती पूर्ण वर आली की त्या चिरा सीलंटने (दातावर घट्ट बसणाऱ्या पातळ लेपाने) बुजवून घेता येतात. टोचावे लागत नाही, भूल द्यावी लागत नाही, आणि मूल घाबरत नाही.

दुधाच्या दाढेचे मूळ खाली तयार होत असलेल्या कायमच्या दाताच्या अगदी जवळ असते. वर पू धरला तर खालच्या दाताच्या एनॅमलवर डाग किंवा खड्डा राहू शकतो. दुधाची दाढ फार लवकर काढावी लागली तर शेजारचे दात त्या जागेत झुकतात आणि पुढचे दात वेडेवाकडे येतात. शिवाय मुलांचा संसर्ग मोठ्यांपेक्षा वेगाने पसरतो. सकाळी बारीक सूज आणि संध्याकाळी बंद झालेला डोळा असे आम्ही पाहतो.

खाण्याविषयी. किती गोड खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले आणि ते दातांना किती काळ चिकटून राहिले, यावर कीड ठरते. १९४० च्या दशकाच्या अखेरीस स्वीडनमधील व्हिपेहोल्म येथे बौद्धिक अपंगत्व असलेल्या, संस्थेत राहणाऱ्या माणसांना जेवणांच्या मध्ये मुद्दाम चिकट टॉफी खायला घालून हे सिद्ध करण्यात आले. त्यांची संमती कोणी घेतली नव्हती, आणि आज तो प्रयोग वैद्यकीय नीतीच्या दृष्टीने लांच्छन मानला जातो; त्यातून मिळालेले ज्ञान मात्र आपण सगळे वापरतो. आपल्याकडे त्या टॉफीचे काम आंबापोळी, फणसपोळी आणि मालवणी खाजे करतात. मोदक जेवणात खाल्ला तर लाळ भरपूर सुटलेली असते आणि तो गिळला जातो. फणसपोळीचा तुकडा दुपारभर दाढेच्या चिरेत बसून राहतो. पिकलेला हापूस जेवणाबरोबर खायला काहीच हरकत नाही. मे महिन्यात कोकम सरबताची बाटली घेऊन मुले दिवसभर घोट घोट घेत असतात, त्यात आम्ल आणि साखर दोन्ही असल्यामुळे ते एका बैठकीत पिऊन वर पाणी प्यावे, आणि त्यानंतर अर्धा तास ब्रश करू नये, कारण आम्लाने मऊ झालेले एनॅमल ब्रशने खरवडले जाते.

तीन वर्षांच्या आतील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. सातव्या-आठव्या वर्षापर्यंत ब्रश मोठ्या माणसाने करून द्यावा. रात्रीचा ब्रश सकाळच्या ब्रशहून महत्त्वाचा आहे, कारण झोपेत लाळ जवळजवळ थांबते. तो झाल्यावर फेस थुंकावा, पण खळखळून चूळ भरू नये. फ्लोराइड दातावर राहिले तरच त्याचा उपयोग. ही सूचना ऐकून आमच्याकडचे बहुतेक लोक माझ्याकडे संशयाने पाहतात, कारण ब्रशनंतर तांब्याभर पाण्याने चुळा भरणे हा आपल्याकडे शुचितेचाच भाग आहे. तरीही सांगत राहतो.

प्रतिसाद: गाडी_चुकलेला

मी मूळचा खेड तालुक्यातला, नोकरीसाठी मुंबईला. तिथल्या एका दवाखान्यात एकाच भेटीत मला चार रूट कॅनाल सांगितले गेले. क्ष-किरण चित्र काढले नाही, दाताला हातोडीसारखे काही लावून पाहिले नाही, आणि सवलत फक्त आजच्या आज आहे असे सांगितले. दुखत तर एकच दाढ होती. अशा वेळी सामान्य माणसाने विश्वास कोणावर ठेवावा? आणि ज्याला खर्च झेपत नाही, त्याने कुठे जावे?

प्रतिसाद: लाल_माती

आपला संशय योग्य होता. न दुखणाऱ्या दाढेलाही रूट कॅनाल लागू शकतो, हे मी वर लिहिलेच आहे. परंतु ते चित्राशिवाय आणि तपासणीशिवाय कोणालाही ठरवता येत नाही. प्रत्येक दाढेचे छोटे चित्र मागावे, मुळाच्या टोकाशी काळे कुठे आहे ते बोटाने दाखवायला सांगावे, गार बोळा लावून नस जिवंत आहे की नाही हे तपासले का ते विचारावे, आणि चित्राची प्रत सोबत घेऊन दुसऱ्या दंतवैद्याचे मत घ्यावे. सरळ मनाच्या डॉक्टरला याचा राग येत नाही. पसरणारी सूज नसेल तर दुसरे मत घेण्यासाठी आठवडाभर थांबल्याने काही बिघडत नाही, त्यामुळे आजच्या आज संपणाऱ्या सवलतीला भुलू नये. अवजारे वाफेच्या दाबाखाली, म्हणजे ऑटोक्लेव्हमध्ये, निर्जंतुक करून बंद पाकिटात ठेवलेली आहेत का, हेही डोळ्यांनी पाहावे. हेपेटायटिस बी नुसत्या पुसण्याने जात नाही.

खर्चाचे म्हणाल तर आपल्याच खेडमध्ये दंत महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात; वेळ अधिक लागतो, फेऱ्या अधिक होतात, पण खर्च बराच कमी येतो. सिंधुदुर्गातील पुष्कळ लोक गोव्यातील बांबोळीच्या शासकीय दंत महाविद्यालयात जातात. जिल्हा रुग्णालयांत दंतविभाग असतो, अनेक उपजिल्हा रुग्णालयांतही दंतशल्यचिकित्सक असतात, आणि दाढ काढण्यासारखी कामे तिथे अगदी अल्प शुल्कात होतात. रूट कॅनाल झाल्यावर पैसे संपले म्हणून कॅप टाळू नये, हे मात्र आवर्जून सांगतो. नस काढण्यासाठी आतून पोखरलेली दाढ चावताना उभी चिरली जाते, आणि ती चीर मुळापर्यंत गेली की केलेला सगळा खर्च पाण्यात जाऊन शेवटी दाढ काढावीच लागते.

प्रतिसाद: सुरंगी

डॉक्टर, आपले उत्तर सासूबाईंना वाचून दाखवले. त्या यायला तयार झाल्या आहेत, पण दोन शंका आहेत. दुसऱ्या बाजूची वरची एक दाढही हलते, आणि शेजारच्या काकूंनी सांगितले आहे की वरची दाढ काढली की नजर जाते. शिवाय त्या हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी घेतात. ती दोन दिवस आधी बंद करून येऊ का?

प्रतिसाद: लाल_माती

वरच्या दाढेचा नजरेशी काही संबंध नाही. दाढेची संवेदना आणि डोळ्याची दृष्टी या दोन वेगळ्या नसांनी मेंदूकडे जातात. समजूत रुजली आहे ती बहुधा अशामुळे, की दाढा काढण्याचे वय आणि मोतीबिंदू येण्याचे वय एकच असते. वरच्या दाढांची मुळे गालाच्या हाडातील सायनसला (नाकाशी जोडलेल्या पोकळीला) लागून असतात, त्यामुळे अशा दाढेचा पू तिकडे उतरून एकाच नाकपुडीतून दुर्गंधी येणारा स्राव होऊ शकतो. सासूबाईंना तसा त्रास असल्यास सांगावा, म्हणजे चित्र काढताना तेही पाहता येईल.

गोळी मात्र आपल्या मनाने अजिबात बंद करू नये. ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू ठेवूनच दाढ काढता येते. रक्त थोडा अधिक वेळ येते, ते बोळा दाबून आणि टाका घालून थांबवता येते. गोळी बंद केल्याने हृदयविकाराचा झटका आला तर तो बोळ्याने थांबत नाही. वॉरफेरिन असेल तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी) तपासणी भेटीच्या एक-दोन दिवस आधी करून घ्यावी. हृदयाची झडप बदललेली असेल किंवा पूर्वी हृदयाच्या अस्तराला संसर्ग झालेला असेल तर तेही आधी कळवावे, कारण अशा रुग्णाला दाढ काढण्यापूर्वी तासभर आधी अँटिबायोटिकची एक मात्रा द्यावी लागते. गोळ्यांची नावे तोंडी सांगण्यात गोंधळ होतो. सर्व पाकिटे एका पिशवीत घालून घेऊन यावीत, आणि हृदयरोगतज्ज्ञांचा कागदही सोबत असावा.